थेंबभर जीवनसत्त्व आणि चेहऱ्याचा रंग

'फेअर अँड लव्हली' १९७५ साली भारतीय बाजारात आली, तेव्हा तिच्या नळीतल्या मुख्य द्रव्याचे नाव विचारावे असे कुणालाच वाटले नाही. ते होते नायसिनामाइड, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाचे एक रूप. आज हेच नाव ड्रॉपरच्या बाटलीवर टक्केवारीसकट ठळक छापलेले असते आणि कॉलेजातल्या मुली 'पाच टक्क्यांचे घेऊ की दहा' यावर तावातावाने बोलतात. द्रव्य तेच राहिले, आश्वासन तेवढे बदलले. तेव्हा शब्द होता 'गोरेपणा', आता आहे 'एकसारखा रंग', 'डाग कमी', 'तजेला'. २०२० मध्ये त्या जुन्या क्रीमनेही आपल्या नावातला 'फेअर' काढून 'ग्लो' घातला. पुढे जानेवारी २०२५ मध्ये तिच्याच उत्पादकाने, हिंदुस्थान युनिलिव्हरने, जयपूरच्या 'मिनिमलिस्ट' या सीरमसाठी गाजलेल्या कंपनीतला ९०.५ टक्के हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले. नळी आणि बाटली अशी एका घरी नांदायला आली.

या पार्श्वभूमीवर दोन प्रश्न नेहमी एकमेकांत गुंततात. जीवनसत्त्वाच्या सीरमने चेहऱ्यावरचा रंगफरक खरोखर कमी होतो का, हा एक. आणि तो कमी करायला निघणे म्हणजे जुन्याच गोरेपणाच्या वेडाला नवे कपडे घालणे आहे का, हा दुसरा. पहिला प्रयोगशाळेचा आहे, दुसरा समाजाचा. पहिल्याचे उत्तर दुसऱ्याला देण्याची आणि दुसऱ्याचे पहिल्याला देण्याची चूक दोन्ही बाजू करतात, म्हणून इथे ते शक्यतो वेगळे ठेवले आहेत.

काळे म्हणजे नेमके काय

त्वचेचा रंग ठरवणारे मेलॅनिन बाह्यत्वचेच्या तळाशी असलेल्या मेलॅनोसाइट नावाच्या पेशी बनवतात. गोऱ्या आणि काळ्या माणसांत या पेशींची संख्या साधारण सारखीच असते. फरक असतो तो मेलॅनिनच्या पुड्यांचा, म्हणजे मेलॅनोसोमचा: त्या केवढ्या, किती भरलेल्या आणि वरच्या पेशींत कशा पसरलेल्या. ही सगळी रंगशाळा टायरोसिनेज या तांबेयुक्त विकरावर चालते. म्हणजे रंग कमी करायचा तर वाटा मोजक्याच उरतात. विकराला आवर घालायचा, तयार पुड्या वरच्या पेशींकडे जाण्यापासून अडवायच्या, वरच्या पेशी लवकर झडतील असे पाहायचे, किंवा मुळात कारखान्याला चेतवणारे ऊन आणि दाह थोपवायचा. क जीवनसत्त्व पहिल्या वाटेने जाते आणि थोडे चौथ्या. नायसिनामाइड दुसऱ्या.

इथपर्यंत फारसा वाद नाही. घोटाळा सुरू होतो तो 'काळे पडले' या एकाच शब्दाखाली आपण काय काय ढकलतो तिथे. पुळी फोडल्यावर महिनोन्महिने राहणारा तपकिरी ठिपका ही एक गोष्ट. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर फुलपाखरासारखे पसरणारे वांग ही दुसरी. गरोदरपण, संप्रेरके, आनुवंशिकता आणि ऊन यांचे ते संयुक्त काम. डोळ्यांखालच्या वर्तुळांत रंगद्रव्य असते, तसेच पातळ कातडीखालून दिसणाऱ्या रक्तवाहिन्या आणि खोलगटपणाची सावलीही असते. मान आणि काखा मखमलीसारख्या जाड-काळ्या झाल्या असतील तर तो बहुधा इन्सुलिनचा निरोप असतो, त्याला सीरम लावणे म्हणजे पोस्टमनला मारणे. रसायनी कुंकवाने किंवा केसांच्या कलपाने येणारी काळसर-निळसर झाक आणखी निराळी. तिथे कारण बंद करणे हाच पहिला उपचार. शिवाय भारतीय चेहऱ्यावर कडेचा भाग मधल्यापेक्षा थोडा गडद असणे, तोंडाभोवती सावळी कड असणे हे कित्येकांत अगदी स्वाभाविक असते. तो आजार नाही आणि डागही नाही.

पार्लरच्या खुर्चीत मात्र या सगळ्याला एकच नाव आहे: टॅनिंग.

दोन जीवनसत्त्वांचा प्रवास

सीरमच्या दुनियेतली ही दोन्ही नावे एकाच वर्षी प्रकाशात यावीत हा योगायोग मोठा मौजेचा आहे. १९३७ साली हंगेरीच्या अल्बर्ट सेंट-ग्यॉर्गी यांना नोबेल मिळाले, त्यात क जीवनसत्त्वावरच्या कामाचा वाटा मोठा होता; सेगेद गावच्या लाल मिरचीतून त्यांनी ते भरपूर प्रमाणात काढले होते. त्याच वर्षी अमेरिकेत कॉनराड एल्व्हेजेम यांनी दाखवले की कुत्र्यांची जीभ काळी पडण्याचा रोग निकोटिनिक आम्लाने, म्हणजे नायसिनने (बी-३ चेच दुसरे रूप), बरा होतो. माणसातल्या पेलाग्राचा उलगडा त्यातून झाला.

पेलाग्राचा धागा आपल्या दख्खनपर्यंत येतो. या रोगात उन्हाला उघडी असलेली कातडी, म्हणजे हात, पाय आणि गळ्याभोवतीचा पट्टा, काळी आणि खरखरीत होते. मक्यावर जगणाऱ्या गरिबांचा हा रोग म्हणून जग त्याला ओळखत होते. पण हैदराबादच्या परिसरात तो ज्वारी खाणाऱ्यांत दिसत होता. सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये मांडले की ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाच्या आधिक्याशी याचा संबंध असावा. पुढे या मांडणीवर मतभेद झाले, तो विषय वेगळा. इथे त्याचे प्रयोजन एवढेच की नायसिन पोटात गेले नाही तर कातडी काळी पडते, हे डॉक्टरांनी ज्वारीच्या प्रदेशात डोळ्यांनी पाहिलेले आहे.

त्यावरून 'मग नायसिन चेहऱ्यावर लावले की कातडी उजळेल' असा निष्कर्ष मनात सहज येतो. तो चुकीचा आहे. पोट भरलेल्या, पेलाग्रा नसलेल्या माणसाच्या गालात या जीवनसत्त्वाची उणीव नसते. सीरम उणीव भरून काढत नाही. ते औषधासारखे वागते. 'जीवनसत्त्व' हा शब्द बाटलीवर पौष्टिकतेची ऊब घेऊन येतो खरा, पण आतले काम रसायनाचे असते. कोणत्याही रसायनाला विचारतो तेच प्रश्न त्यालाही विचारायला हवेत: किती, कुठपर्यंत पोचते, किती दिवस टिकते.

क जीवनसत्त्वाबाबत हे प्रश्न सर्वांत चिकाटीने विचारले ते अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या शेल्डन पिनेल यांनी. २००१ मध्ये त्यांच्या गटाने डुकराच्या कातडीवर दाखवले की शुद्ध एल-अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आत शिरायचे तर द्रावणाचा पीएच ३.५ च्या खाली हवा, आणि प्रमाण २० टक्क्यांच्या पुढे नेले तर शोषण वाढत नाही. एकदा साठा भरला की तो निम्म्यावर यायला सुमारे चार दिवस लागतात. २००५ मध्ये त्याच परंपरेतल्या कामाने सांगितले की क आणि ई जीवनसत्त्वांच्या जोडीला फेरुलिक आम्ल घातले तर मिश्रण टिकते आणि उन्हापासूनचे संरक्षण चौपटीवरून आठपटीवर जाते. आजच्या बहुतेक महागड्या 'क' सीरमचे कूळ इथे आहे.

जपानची वाट निराळी होती. तिथे आम्लाचा दाह टाळण्यासाठी क जीवनसत्त्वाची स्थिर संयुगे शोधली गेली. १९९६ मध्ये कामेयामा आणि सहकाऱ्यांनी अशा एका मॅग्नेशियम संयुगाचे १० टक्क्यांचे क्रीम वापरून पाहिले. वांग किंवा वयाचे डाग असलेल्या ३४ जणांपैकी १९ जणांत रंग स्पष्ट उतरला. साध्या, निरोगी त्वचेच्या २५ जणांत मात्र फक्त तिघांत. हा दुसरा आकडा जाहिरातीत कधी दिसत नाही. माझ्या मते तोच जास्त बोलका आहे. जिथे रंग जास्तीचा साचला होता तिथे द्रव्याने काम केले, मूळ रंगाला त्याने जवळजवळ हात लावला नाही.

नायसिनामाइडवरचा पायाभूत अभ्यासही जपानी स्त्रियांवरचाच, २००२ चा. हाकोझाकी आणि सहकाऱ्यांनी पेशींच्या प्रयोगात दाखवले की हे द्रव्य टायरोसिनेजला धक्का न लावता मेलॅनोसोमचे हस्तांतर ३५ ते ६८ टक्क्यांनी रोखते. पाच टक्क्यांचे क्रीम १८ स्त्रियांच्या डागांवर, आणि दोन टक्क्यांचे सनस्क्रीनसह १२० स्त्रियांच्या रापलेल्या चेहऱ्यांवर लावून त्यांनी माफक पण मोजता येणारा परिणाम नोंदवला. परिणाम उलटणारा होता, म्हणजे लावणे थांबले की पुड्या पुन्हा निघाल्या.

सौम्य, पण कशाच्या मानाने

सीरमच्या आधी, आणि सीरमच्या शेजारीच, दुसरे एक जग आहे. 'सौम्य' हे विशेषण त्याच्या तुलनेत उभे राहते.

वांगावरचा मानदंड अनेक दशके हायड्रोक्विनोन राहिला. १९७५ मध्ये अ‍ॅल्बर्ट क्लिगमन आणि विलिस यांनी हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि स्टेरॉइड यांचे त्रिकूट सुचवले. आजची तिहेरी क्रीमे त्याचीच नातवंडे आहेत. डॉक्टरच्या देखरेखीखाली, ठरावीक आठवड्यांपुरते हे त्रिकूट उत्तम काम करते, यावर त्वचारोगतज्ज्ञांत आजही बऱ्यापैकी एकमत आहे. पण त्याच १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतून बातमी आली की वर्षानुवर्षे जास्त प्रमाणात हायड्रोक्विनोन चोपडणाऱ्या स्त्रियांच्या चेहऱ्यावर उलट निळे-काळे डाग चढत आहेत. पुढे युरोपने सौंदर्यप्रसाधनांतून ते हटवले आणि अमेरिकेत २०२० नंतर चिठ्ठीशिवाय मिळणे थांबले.

आपल्याकडे खरी अडचण त्या त्रिकुटातल्या स्टेरॉइडची झाली. शेजारणीने सांगितले, मेडिकलवाल्याने दिले, चार दिवसांत चेहरा उजळला, म्हणून वर्षभर लावले. मग लाली, केस, पुळ्या, आणि थांबवले की आग. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका बहुकेंद्री भारतीय अभ्यासात तपासलेल्या २९२६ रुग्णांपैकी ४३३ जण चेहऱ्यावर असे स्टेरॉइड लावत होते. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने लावून धरल्यावर मार्च २०१८ मध्ये अशी चौदा द्रव्ये 'शेड्यूल एच'मध्ये, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीत गेली. कागदावर तरी.

त्याहून वाईट पारा. तो टायरोसिनेजमधल्या तांब्याची जागा बळकावतो, म्हणून रंग झपाट्याने उतरतो, आणि त्याच झपाट्याने तो मूत्रपिंडात पोचतो. अकोल्यातल्या एका घरातली विद्यार्थिनी, तिची आई आणि बहीण यांच्या मूत्रपिंडांना एकाच सुमाराला इजा झाली तेव्हा शोध मुंबईच्या केईएम रुग्णालयात लागला: त्या वापरत असलेल्या क्रीममध्ये पारा होता. केरळात मलप्पुरम जिल्ह्यातल्या डॉक्टरांनीही मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे रुग्ण आणि गोरेपणाची क्रीमे यांची सांगड घातली. भारतीय नियमांत प्रसाधनात चुकून आलेल्या पाऱ्याला दहा लाखांत एक भाग एवढीच मुभा आहे. बिननावाच्या डब्यांना तो नियम ठाऊक नसतो.

या रांगेत उभे केले तर जीवनसत्त्वाचे सीरम खरोखरच सौम्य दिसते. तरी 'सौम्य' म्हणजे 'निर्धोक' असे गृहीत धरण्याआधी जपानमधली एक घटना आठवावी. २०१३ मध्ये तिथल्या कानेबो कंपनीने रोडोडेनॉल हे द्रव्य असलेली उत्पादने परत मागवली. ते सरकारमान्य होते, सौम्य म्हणून विकले जात होते, आणि १९ हजारांहून जास्त लोकांच्या कातडीवर त्याने पांढरे चट्टे पाडले. क जीवनसत्त्व आणि नायसिनामाइड यांच्या खात्यावर असे काही नाही. पण एखादे नवे 'उजळवणारे' द्रव्य 'जीवनसत्त्वासारखेच' म्हणून समोर आले की हा दाखला हाताशी असावा.

पुरावा किती आणि कसा

आता थेट तुलना. २००४ मध्ये मेक्सिकोत वांग असलेल्या १६ स्त्रियांच्या चेहऱ्याच्या एका अर्ध्यावर चार टक्के हायड्रोक्विनोन आणि दुसऱ्या अर्ध्यावर पाच टक्के अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल सोळा आठवडे लावले गेले. चांगला किंवा उत्तम परिणाम हायड्रोक्विनोनच्या बाजूला १५ जणींना वाटला, क जीवनसत्त्वाच्या बाजूला १० जणींना. आग-खाज वगैरे त्रास मात्र अनुक्रमे ११ आणि एकीला. २०११ मध्ये, पुन्हा मेक्सिकोतच, २७ स्त्रियांवर चार टक्के नायसिनामाइड आणि चार टक्के हायड्रोक्विनोन यांची आठ आठवडे तुलना झाली: चांगला ते उत्तम परिणाम ४४ आणि ५५ टक्के, त्रास १८ आणि २९ टक्के.

आकडे वाचून सीरमच्या चाहत्याला उभारी येईल. पण जरा थांबून पाहिले तर तीन गोष्टी खटकतात. माणसे थोडी आहेत. १६ आणि २७ हे एखाद्या वर्गाच्या एका रांगेइतके आकडे झाले. अवधी दोन-चार महिन्यांचा आहे, आणि वांग हा उन्हाळा आला की परत येणारा पाहुणा. तिसरी गोष्ट सर्वांत रोचक: दोन्ही चाचण्यांत रंगमापक यंत्राने घेतलेल्या मोजणीत दोन बाजूंतला फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर ठरला नाही. डोळ्याला हायड्रोक्विनोन जास्त चांगले वाटले, यंत्राला दोन्ही सारखे. मग विश्वास कुणावर ठेवायचा? यंत्र एका बिंदूचा रंग मोजते, डोळा सगळा चेहरा एकत्र पाहतो, आणि 'एकसारखेपणा' हा मुळातच सगळ्या चेहऱ्याचा गुण आहे. या क्षेत्रात मोजपट्टीच अजून पक्की झालेली नाही.

भरीला सनस्क्रीनचा गुंता. जवळपास प्रत्येक गंभीर चाचणीत सनस्क्रीन सोबत दिले जाते, आणि ते द्यायलाच हवे. पण नुसत्या सनस्क्रीननेही डाग फिके होतात. श्रेय कुणाचे हे वेगळे काढण्यासाठी एका गटाला सनस्क्रीन आणि साधे क्रीम, दुसऱ्याला सनस्क्रीन आणि सीरम असे द्यावे लागते. असा काटेकोर आराखडा सगळ्यांनी पाळलेला नाही. शिवाय अनेक चाचण्यांचा खर्च उत्पादकच करतात. त्यामुळे त्या खोट्या ठरत नाहीत, तरी निष्फळ ठरलेली चाचणी छापायची घाई कुणाला असणार?

मतांची मांडणी

त्वचारोगतज्ज्ञांचा एक मोठा वर्ग सीरमकडे 'सोबती' म्हणून पाहतो. पुळ्यांचे डाग, हलके वांग, हायड्रोक्विनोनचा कोर्स संपल्यानंतरचा काळ, गरोदरपण: अशा जागी त्यांना सौम्य पर्याय हवा असतो आणि नायसिनामाइड तिथे बसते. सावळ्या त्वचेत कोणताही दाह नवा डाग मागे ठेवतो, म्हणून कमी जळजळ हा आपल्याकडे स्वतंत्र गुण आहे, हा त्यांचा मुद्दा मला वजनदार वाटतो. युरोपीय त्वचेवर थोडी लाली येऊन जाते; आपल्याकडे ती तीन महिन्यांचा तपकिरी शिक्का होते.

दुसरा वर्ग विचारतो की परिणाम माफक, पुरावा तोकडा, तर दरमहा सहाशे-हजार रुपये कशासाठी? त्यातून चांगले सनस्क्रीन येईल. खोल गेलेल्या वांगाला, जिथे रंगद्रव्य बाह्यत्वचेच्या खाली उतरले आहे, सीरम पोचतच नाही. तिथे महिने वाया जातात आणि रुग्ण निराश होऊन त्याच स्टेरॉइडच्या नळीकडे वळतो. ही शंका ओपीडीत बसणाऱ्यांच्या अनुभवातून येते, तिला नुसता संशयीपणा म्हणून बाजूला सारता येणार नाही.

तिसरा आवाज समाजाचा. २००९ मध्ये चेन्नईच्या 'विमेन ऑफ वर्थ' संस्थेने 'डार्क इज ब्युटिफुल' ही मोहीम सुरू केली, पुढे नंदिता दास तिच्याशी जोडल्या गेल्या. २०१४ मध्ये जाहिरातींच्या स्वयंनियामक परिषदेने सावळी व्यक्ती दुःखी, अपयशी वा अनाकर्षक दाखवू नये असे निर्देश काढले. फेब्रुवारी २०२० मध्ये १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरात कायद्यात त्वचेच्या गोरेपणाचा दावा समाविष्ट करणारा सुधारणेचा मसुदाही केंद्राने मांडला. या बाजूचे म्हणणे असे की 'गोरी' म्हणता येत नाही म्हणून 'उजळ', आणि 'उजळ'वर बोट ठेवले म्हणून 'एकसारखी'. शब्द सरकत राहतो, इच्छा जागची हलत नाही. विवाहविषयक जाहिरातींतल्या 'गव्हाळ', 'निमगोरी' या पायऱ्या ज्यांनी वाचल्या आहेत त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही.

यावर डॉक्टरांचे उत्तर असते की वांग असलेली बाई गोरी व्हायला येत नाही, ती आपला आधीचा चेहरा परत मागायला येते. माझी एक मावशी दुसऱ्या बाळंतपणानंतर कित्येक वर्षे फोटोत कडेला उभी राहायची. तिला रंगाचा न्यूनगंड नव्हता, गालावरचा नकाशा नको होता. दोन्ही म्हणणी खरी असू शकतात, कारण एकच बाटली दोन वेगळ्या हेतूंनी घेतली जाते आणि दुकानात हेतू विचारत नाहीत. कामेयामांचा तो अभ्यास इथे दोघांनाही उपयोगी पडतो: डाग फिका करायचा तर द्रव्य थोडीफार साथ देते, मूळ रंग बदलायचा तर नाही.

बाटलीतल्या भानगडी

प्रयोगशाळेतले अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल आणि एप्रिलमधल्या पुण्यातले अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल या दोन गोष्टी आहेत. पाणी, हवा, उजेड आणि उष्णता यांपैकी कशाशीही त्याचे जमत नाही. रंगहीन द्रव पिवळा होतो, मग चहासारखा. माझी एक बाटली न्हाणीघराच्या खिडकीत पाच आठवड्यांत इतकी तपकिरी झाली की ती लावल्यावर गालच पिवळट दिसू लागले. रंग एकसारखा झाला होता हे मान्य करायला हवे. गडद काच, हवा न शिरणारा पंप, फ्रिज आणि छोटी बाटली हे त्यावरचे साधे उपाय. जपानी वळणाची स्थिर संयुगे टिकतात, पण त्वचेत गेल्यावर त्यांपैकी कितीचे खरे अ‍ॅस्कॉर्बिक आम्ल होते, हा प्रश्न संयुगागणिक वेगळा आहे आणि पुष्कळसा उघडाच.

नायसिनामाइड त्या मानाने गुणी. उष्णता सोसते, पीएच मध्यम चालतो, वास नाही. त्याची अडचण टक्केवारीच्या शर्यतीची. चाचण्या प्रामुख्याने दोन ते पाच टक्क्यांवर झाल्या. बाजार दहावर गेला आणि वीसपर्यंत पोचला. दहा टक्के म्हणजे पाचाच्या दुप्पट काम, असे दाखवणारा भक्कम आधार नाही; चुरचुर आणि लाली मात्र काहींना वाढलेली जाणवते. ही दोन जीवनसत्त्वे एकत्र लावू नयेत हा समज जुन्या, उष्णता आणि शुद्धतेच्या वेगळ्या परिस्थितीतल्या रसायनशास्त्रावर आधारलेला आहे. नेहमीच्या वापरात तो बहुतेक तज्ज्ञांनी सोडून दिला आहे.

घरगुती पर्यायांबद्दल दोन वाक्ये पुरेत. साय-बेसन, मसूर डाळीचे पीठ, उटणे यांनी मळ आणि मृत थर निघतो, तेवढ्यापुरती तकाकी येते. लिंबू मात्र चेहऱ्यावर चोळू नये: त्यात क जीवनसत्त्व असले तरी आम्लता फार, आणि लिंबूवर्गातल्या काही द्रव्यांवर ऊन पडले की कातडी भाजून उलट काळे डाग पडतात.

जे अजून ठरायचे आहे

गेल्या पंधरा वर्षांत या चर्चेचा रोख हळूच बदलला आहे तो प्रकाशामुळे. २०१० मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने दाखवले की फक्त अतिनील किरणच नव्हे, डोळ्यांना दिसणारा प्रकाशही सावळ्या त्वचेत गडद आणि टिकाऊ रंग चढवतो. अतिगोऱ्या त्वचेत तसे झाले नाही. साधे पारदर्शक सनस्क्रीन हा प्रकाश अडवत नाही. लोह ऑक्साइड घातलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन अडवते, आणि २०१४ मध्ये मेक्सिकोतल्या चाचणीत वांगावर हायड्रोक्विनोन लावणाऱ्या स्त्रियांत अशा सनस्क्रीनने साध्यापेक्षा जास्त सुधारणा झाली. याचा अर्थ सीरमच्या जुन्या चाचण्यांत जे सनस्क्रीन दिले गेले ते बहुधा अर्धेच दार बंद करत होते. उरलेले अर्धे दार बंद केल्यावर सीरमचा वाटा वाढतो की कमी होतो? हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर देणारी मोठी, लांब मुदतीची, भारतीय त्वचेवरची तुलना व्हायची आहे.

व्यवहाराची बाजूही तितकीच मोकळी आहे. सनस्क्रीनची मोजणी त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम या हिशेबाने होते. चेहरा-मानेला त्या हिशेबाने एका वेळी ग्रॅमभराहून जास्त लागते. दिवसातून दोनदा लावले तर पन्नास ग्रॅमची नळी महिनाभरही पुरत नाही. चाचणीत ती फुकट मिळते. निफाडला द्राक्षाच्या छाटणीवर जाणाऱ्या बाईला ती विकत घ्यावी लागेल, आणि वांग तिलाही होते; दिवसभर उन्हात असल्यामुळे ते आटोक्यात ठेवणे तिला जास्त अवघड. ती डोक्यावरून पदर किंवा टॉवेल ओढून घेते. पुण्यात दुचाकीवरच्या मुली डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फने बांधतात, त्यावर विनोदही पुष्कळ झाले. पण घट्ट विणीचे गडद कापड अतिनील आणि दृश्य, दोन्ही प्रकाश बऱ्यापैकी थोपवते, जे पारदर्शक सनस्क्रीनला जमत नाही. एका गटाला स्कार्फ आणि पाच टक्के नायसिनामाइड, दुसऱ्याला रंगीत सनस्क्रीन आणि तेच नायसिनामाइड, तिसऱ्याला नुसता स्कार्फ, आणि अवधी चैत्र ते आषाढ: एवढी साधी तुलना महाराष्ट्रातल्या कोणत्याही वैद्यकीय महाविद्यालयाच्या त्वचारोग विभागाला परवडण्यासारखी आहे. स्कार्फ तर रुग्ण घरूनच घेऊन येतील.